काउबॉय बीबॉप: अख्खा संच बघितलेल्यांनी मत सांगा (फक्त पाच भाग की सगळे २६?)

ढगफुटी
काउबॉय बीबॉपचा ब्ल्यूरे संच नुकताच पूर्ण बघून झाला. सगळे २६ भाग, ओळीने, एकही न गाळता. डोक्यात इतकं साठलंय की धागा काढल्याशिवाय राहवत नाहीये.

ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९९८ ची जपानी ॲनिमे (ॲनिमेशन) मालिका, सनराइज स्टुडिओची, दिग्दर्शक शिनिचिरो वातानाबे, मुख्य लेखिका केइको नोबुमोतो, संगीत योको कान्नो. काळ २०७१. अवकाशप्रवासासाठी बांधलेल्या गेटचा स्फोट होऊन चंद्राचा लचका तुटलाय आणि तेव्हापासून पृथ्वीवर दगड पडतायत, त्यामुळे माणसं मंगळावर, शुक्रावर, गुरूच्या चंद्रांवर पांगलीयेत. पोलीस पुरे पडत नाहीत म्हणून गुन्हेगारांवर इनाम लावतात आणि ते इनाम मिळवून पोट भरणारी ही मंडळी. बीबॉप हे त्यांचं जहाज, मूळचं मासेमारीचं. त्यावर स्पाइक, जेट, फे, एड नावाची कॉम्प्युटरमधली अवली पोरगी आणि आइन नावाचा कुत्रा.

आता मुद्दा. नेटवर जिथे बघावं तिथे एक यादी फिरते की ५, १२, १३, २५, २६ एवढे बघा, स्पाइकच्या भूतकाळाची खरी गोष्ट तेवढ्यातच आहे, बाकी फिलर, म्हणजे नुसती भरती. मला हे अजिबात पटत नाही. मी तर म्हणेन ते उरलेले एकवीसच मालिकेचा जीव आहेत. आठवा भाग घ्या, शुक्रावरचा. तिथे हवा श्वास घेण्याजोगी करायला आकाशात झाडं तरंगत ठेवलीयेत, पण त्यांचे बीजाणू काही लोकांना बाधतात आणि माणूस आंधळा होतो. त्या एका आजारी बहिणीसाठी धडपडणारा भाऊ वीस-बावीस मिनिटांत इतका जवळचा होतो की भाग संपल्यावर मी पुढचा लावूच शकलो नाही. याला फिलर म्हणायचं?

तर प्रश्न दोन. एक, तुम्ही संच कसा बघितलात, सगळा की निवडक? दोन, ऑनलाइन असताना डिस्कचा संच घेणं तुम्हाला योग्य वाटतं का? शेवटच्या दोन भागांबद्दल लिहिताना आधी 'स्पॉयलर' लिहा प्लीज.

नेवासेकर
पहिला प्रतिसाद माझाच आणि तोही विरोधात :) मी सगळे बघितलेत. माझं मत, पाच पुरे. गोष्ट सुरू होते पाचव्या भागात, ती चर्चमधली मारामारी, जबरदस्त, अंगावर काटा. आणि मग? मग थेट बाराव्यापर्यंत कोणी त्या माणसाचं नावसुद्धा काढत नाही. व्हिशस हा एवढा मोठा खलनायक आणि त्याला मिळालेला वेळ बघा. शेवट भारी आहे हे मान्यच, पण त्या शेवटाची तयारी मध्ये झालेलीच नाही. जी मालिका स्वतःची गोष्ट विसरते तिला मी अभिजात वगैरे म्हणणार नाही.

करवंदजाळी
नेवासेकर, अकरावा भाग काढून टाकायचा म्हणता?? तो फ्रिजवाला? जहाजावर एकेकजण कसल्यातरी चाव्याने आडवा होतोय, सगळे घाबरलेत, कुठला परग्रहावरचा जीव शिरला म्हणून शोधाशोध, आणि निघतं काय तर स्पाइकने वर्षभरापूर्वी फ्रिजमध्ये ठेवून विसरलेला लॉब्स्टर. मी तो भाग आईला दाखवला. तिला ॲनिमे म्हणजे काय हे माहीत नाही पण भाग संपल्या संपल्या उठून आमच्या फ्रिजमधले सगळे डबे उघडून बघितले तिने.

बटाटेपोहे
=)) काकूंना नमस्कार सांगा.

सुगंधा_तोक्यो
इथे थोडी माहिती देते, कारण 'निवडक भाग' हा विषय या मालिकेला जन्मापासून चिकटलेला आहे. तिचं पहिलं प्रसारण टीव्ही तोक्योवर एप्रिल ते जून १९९८ मध्ये झालं आणि त्यात २६ पैकी फक्त बारा भाग दाखवले, कारण हिंसा वगैरे मजकुराबद्दलचे नियम तेव्हा फार कडक झाले होते. शेवटी घाईघाईने जुन्या दृश्यांची जुळवाजुळव करून एक जादा भाग केला आणि त्यात सरळ लिहून टाकलं की हा शेवट नाही, खरं बीबॉप एक दिवस बघायला मिळेलच. मग ऑक्टोबर १९९८ पासून वॉवॉव या पैसे भरून बघायच्या वाहिनीवर सगळे भाग ओळीने दाखवले, ते एप्रिल १९९९ पर्यंत चाललं. म्हणजे बनवणाऱ्यांना कापून दाखवलेलं किती झोंबलं असेल बघा. त्यांनी भांडून जे पूर्ण दाखवलं ते आपण आपल्या हाताने पुन्हा पाचावर आणायचं, हे मला बरोबर वाटत नाही.

नेवासेकर
सुगंधाताई, माहिती मस्त, हे मला ठाऊक नव्हतं. पण बनवणाऱ्याला वाईट वाटेल म्हणून प्रेक्षकाने बघावं हे काही कारण झालं नाही.

मुळाकाठ
मी भौतिकशास्त्र शिकवतो, म्हणून त्या बाजूने लिहितो. या मालिकेत विज्ञानावर कोणी व्याख्यान देत नाही, ते मागे शांतपणे चालू असतं, आणि ते दिसतं मधल्या भागांतच. बीबॉप जहाजाचा राहण्याचा भाग गोल फिरत असतो आणि त्या फिरण्याने आतल्यांना वजन मिळतं, हे तोंडाने कोणी समजावत नाही पण चित्रात बरोबर काढलंय. फिरत्या भागातून बाहेर आलं की माणसं तरंगायला लागतात. सातव्या भागात स्पाइक सूट न घालता पोकळीत उडी मारतो आणि पिस्तूल झाडून त्याच्या धक्क्याने पुढे सरकतो. लोक याला हसतात. पण क्रिया-प्रतिक्रिया तिथेही लागू आहेच, आणि निर्वात पोकळीत माणूस फुग्यासारखा फुटत नाही, साधारण दहा ते पंधरा सेकंद शुद्धीत राहू शकतो. गोळीला हवा लागत नाही कारण काडतुसातल्या दारूतच तिचा ऑक्सिजन असतो. धक्का मात्र फारच किरकोळ मिळेल, तेवढी सूट देऊ त्यांना.

आणि चंद्राचे तुकडे. एकदा कक्षेत तुकडे सुटले की ते वर्षानुवर्षं त्रास देतात, ही आपल्या काळातली खरी भीती आहे. फरक एवढाच की आपल्याकडे तो कचरा उपग्रहांचा आणि रॉकेटच्या टप्प्यांचा आहे.

नेवासेकर
सर, आणि पोकळीत विमानांचे आवाज येतात त्याचं काय? :)

मुळाकाठ
ते आवाज काढून टाकले तर योको कान्नोबाईंच्या संगीताला जागा आणखी मिळेल, त्यामुळे माझीही तक्रार आहेच.

म्हापशेकर
संगीताचा विषय निघाला म्हणून लिहितो, नाहीतर मी नुसता वाचक. माझे वडील बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. सुरुवातीचं 'टँक!' पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी उभाच राहिलो. ती पितळी वाद्यांची फौज, तो बास. आपल्याकडच्या लोकांना हा आवाज परका वाटायचं कारण नाही हो, मुंबईच्या सिनेमात गोव्याच्या वादकांनी हाच आवाज आणला होता. सी. रामचंद्र, म्हणजे आपले चितळकर, यांच्याकडे चिक चॉकलेट ट्रम्पेट वाजवायचा, तोही गोव्याचाच.

आता ढगफुटी आणि नेवासेकर यांच्या भांडणात माझं म्हणणं. मालिकेचं नावच बीबॉप आहे, म्हणजे जॅझचा एक प्रकार, भागांना 'सेशन' म्हणतात, नावं ब्लूज, वॉल्ट्झ, सांबा, सेरेनेड अशी. बीबॉप वाजवताना पद्धत काय असते? आधी सगळे मिळून मूळ धून वाजवतात, ती छोटी. मग एकेकजण सुटतो, सॅक्सोफोनवाला, पियानोवाला, ड्रमवाला, प्रत्येकजण त्या धुनेच्या स्वरांवर आपलं काहीतरी बांधतो. हा भाग लांब. आणि शेवटी पुन्हा मूळ धून. आता बघा, स्पाइकची गोष्ट येते पाचव्यात, मग अगदी मधोमध बारा-तेराव्यात, मग शेवटी पंचवीस-सव्वीसमध्ये. मधे जेटचा सोलो, फेचा सोलो, एडचा धुमाकूळ. नेवासेकर म्हणतात गोष्ट विसरली. मला वाटतं विसरली नाही, एकदा वाजवून ठेवून दिली. जेट, फे, एड, सगळे आपापल्या जुन्या आयुष्यापासून पळतायत किंवा ते शोधतायत, स्पाइकसारखेच. धून तीच, वाद्य वेगळं.

ढगफुटी
म्हापशेकर, मला जे दोन दिवस नीट मांडता येत नव्हतं ते तुम्ही एका प्रतिसादात मांडलंत. मनापासून आभार.

करवंदजाळी
+१ नुसते वाचक राहू नका, लिहीत जा.

नेवासेकर
म्हापशेकरांचा प्रतिसाद आवडला, खरंच. तरी माझं उत्तर असं की मैफलीत सोलो ऐकायला मी समोर बसलेला असतो, मालिकेत मला पुढे काय होणार ते हवं असतं. दोन वेगळ्या भुका आहेत. जेटचे दोन मात्र मी यादीत घ्यायला तयार आहे, दहावा आणि सोळावा. गॅनिमीडवर (गुरूचा चंद्र) जुन्या प्रेयसीला भेटायला जातो तो, आणि हात कसा गेला ते कळतं तो. चला, सात झाले.

बटाटेपोहे
अठरावा घ्या हो नेवासेकर, अठरावा!! माझ्यासाठी अख्खा संच त्या एका भागात आहे.

बाकीच्यांसाठी: फेच्या नावाने एक पार्सल येतं, त्यात व्हिडिओ कॅसेट. बेटामॅक्सची. २०७१ मध्ये ती चालवणार कशावर? स्पाइक आणि जेट आधी एका जुन्या वस्तूंच्या वेड्या संग्राहकाकडे जातात, तिथे स्पाइक नीट दिसेना म्हणून मशीनला लाथ घालतो आणि ते मोडतं. मग पृथ्वीवर, पडक्या इमारतीत जमिनीखाली मजलेच्या मजले उतरून, घाम गाळून एक मशीन उचलून आणतात. आणि ते निघतं व्हीएचएसचं, म्हणजे दुसऱ्याच प्रकारच्या कॅसेटचं. इथपर्यंत पोट धरून हसलो. पुढे ती कॅसेट चालते तेव्हा काय दिसतं ते लिहीत नाही. फे चोपन्न वर्षं गोठवलेल्या अवस्थेत होती, तिला स्वतःबद्दल काहीच आठवत नाही, एवढंच लक्षात ठेवून बघा.

आमच्याकडे आईबाबांच्या लग्नाची कॅसेट आहे, १९८९ ची. लोखंडी कपाटात साडीच्या घडीत ठेवलेली. व्हीसीआर कधीच भंगारात गेला. आजी त्या कॅसेटमध्ये चालते-बोलते, आणि आजीचा आवाज घरात दुसरीकडे कुठेही नाही. अठरावा भाग संपल्यावर ती कॅसेट बाहेर काढली तर आत टेपवर पांढरी बुरशी. चिपळूणचा पावसाळा. कोणाला यातलं कळत असेल तर सांगा, धाग्याशी संबंध आहे म्हणून इथेच विचारतोय.

जुनापुराणा
बटाटेपोहे, सगळ्यात महत्त्वाचं, ती कॅसेट आहे तशी कुठल्याही मशीनमध्ये घालू नका. बुरशी मशीनच्या हेडला लागते, तिथून दुसऱ्यांच्या कॅसेटला, आणि टेप तुटायची भीती वेगळीच. आधी कोरड्या जागी ठेवा, सिलिका जेलच्या पुड्या टाकून बंद डब्यात. कॅसेट कन्व्हर्ट करून देणारे अजून आहेत, लग्नाचं शूटिंग करणाऱ्या जुन्या स्टुडिओंकडे चौकशी करा. पण विचारताना बुरशी काढून देता का हे स्पष्ट विचारा, नुसतं कन्व्हर्ट करणारे बरेच, साफ करणारे थोडे. साफ करणारा माणूस टेप हळूहळू गुंडाळत पुसतो, वेळ लागतो, पण टेप फाटलेली नसेल तर चित्र बहुतेकदा मिळतं. आणि फाइल हातात आल्यावर दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. मूळ कॅसेट फेकू नका.

बटाटेपोहे
खूप खूप धन्यवाद. या आठवड्यातच बघतो.

जर्सीतला_बंड्या
इकडे अमेरिकेत ही मालिका २ सप्टेंबर २००१ ला ॲडल्ट स्विमवर सुरू झाली. नऊ दिवसांत ११ सप्टेंबर झालं आणि मग काही भाग त्या फेरीत गाळले, त्यात ढगफुटींचा शुक्रावरचा भाग होता आणि इमारती उडवणाऱ्या टेडी बॉम्बरचा बाविसावाही. आम्ही सगळे तेव्हा नवीन नवीन आलेलो, चार जण एका खोलीत, रात्री उशिरा टीव्ही लावून बसायचो.

पण मला लिहायचंय ते एकोणिसाव्या भागाबद्दल. त्यात डूहान नावाचा म्हातारा मेकॅनिक आहे, वाळवंटात राहतो, आणि त्याने एक जुनं अवकाशयान वर्षानुवर्षं खपून दुरुस्त केलंय. ते यान म्हणजे कोलंबिया. खरं कोलंबिया शटल. स्पाइक संकटात सापडतो तेव्हा म्हातारा ते उडवतो. मालिका १९९८ ची, तेव्हा ती एक गोड कल्पना होती, जुन्या यंत्रावर जीव असलेल्या माणसाची. १ फेब्रुवारी २००३ ला कोलंबिया परत येताना तुटलं, कल्पना चावला आणि सहा सहकारी गेले. त्यानंतर काही काळ हा भाग इथे दाखवत नव्हते. माझ्या संचात तो आहे, जसाच्या तसा. ते यान अंधारातून वर येताना दिसलं की मला अजूनही रडू येतं. करनालची मुलगी त्याच यानातून १९९७ मध्ये एकदा जाऊन सुखरूप परत आली होती, आणि या लोकांनी त्यानंतर थोड्याच काळात ते चित्रात काढलं.

म्हणून संच घ्यावा का याचं माझं उत्तर हो. वाहिनी काय दाखवेल, काय गाळेल, ते आपल्या हातात नाही. कारण योग्य असलं तरी. घरात असलेली डिस्क कोणी गाळू शकत नाही.

मुळाकाठ
बंड्या, हे वाचून थांबलोच. वर्गात कोलंबियाबद्दल सांगतो दरवर्षी, आता हा भागही सांगेन.

नेवासेकर
एकोणिसावा. ठीक आहे. आठ.

शिळोपा
मध्येच घुसतेय. मुलगा तेरा वर्षांचा आहे, त्याला दाखवू का?

करवंदजाळी
शिळोपा, सरसकट नको. सिगारेटी प्रत्येक भागात, रक्त बऱ्याच भागांत. विसावा भाग (तो हसणारा गोलमटोल मारेकरी) मला एकटीला रात्री बघवला नाही. अकरावा, अठरावा, नववा हे आधी स्वतः बघा आणि मग त्याच्याबरोबर बसून दाखवा. नवव्यात एड येते, आणि एकटा पडलेला एक उपग्रह जमिनीवर नाझ्काच्या रेषांसारखी (पेरूच्या वाळवंटातल्या त्या प्रचंड आकृत्या) चित्रं काढत बसतो. तेरा वर्षांच्या मुलाला ते फार आवडेल.

शिळोपा
थँक्स गं.

अर्धाकप
ब्ल्यूरेबद्दल एक तक्रार. एवढे पैसे मोजले आणि चित्राच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या! माझा टीव्ही चांगला मोठा आहे.

जुनापुराणा
अर्धाकप, ती खोट नाही. मालिका १९९८ ची, ती जुन्या टीव्हीच्या चार बाय तीन मापातच काढलीये. पारदर्शक सेलवर हाताने रंगवून फिल्मवर चित्रित केलेली, आणि ब्ल्यूरेसाठी तीच फिल्म नव्याने स्कॅन केलीये. स्क्रीन भरायची तर वरून-खालून कापावं लागेल, म्हणजे स्पाइकचे केस आणि जेटची दाढी दोन्ही जाणार. जे बारीक दाणे हलताना दिसतात तेही फिल्मचेच, टीव्हीच्या सेटिंगमधलं नॉइज रिडक्शन बंद करा आणि मग बघा. ते चालू असलं की रंगाच्या कडा पुसट होतात.

ज्यांना संच घ्यायचाय त्यांनी विकत घेण्याआधी रिजन बघा. आपल्याकडे डीव्हीडीचा रिजन ५, अमेरिकेचा १, जपानचा २. ब्ल्यूरेला आपला सी, अमेरिका आणि जपान दोन्ही ए, ब्रिटन बी. परदेशातून मागवलेला संच इथल्या प्लेयरवर चालेलच असं नाही. डिस्कवर काय आहे आणि तुमचा प्लेयर काय घेतो हे जुळवून मगच पैसे भरा. भाऊ अमेरिकेतून येतोय म्हणून उत्साहात मागवणारे इथे बरेच आहेत.

सुगंधा_तोक्यो
जपानी संच घेणाऱ्यांनी आणखी एक बघावं. इथे नाकानो ब्रॉडवेमध्ये किंवा आकिहाबाराला जुने संच छान अवस्थेत मिळतात, खोकी आणि पुस्तिका सुद्धा जपून ठेवलेल्या. पण जपानी आवृत्त्यांवर बहुतेकदा इंग्रजी सबटायटल नसतात. खोक्याच्या मागे छापलेलं असतं, फोटो काढून कोणाला तरी दाखवा.

अर्धाकप
नॉइज रिडक्शन बंद केलं. फरक आहे राव, मंगळाचं आकाशच वेगळं दिसतंय.

जर्सीतला_बंड्या
इंग्रजी आवाजात बघता की जपानी? मी दोन्हीत. जपानीत स्पाइक कोइची यामादेरा, इंग्रजीत स्टीव्ह ब्लम. इंग्रजी ऐकायला वाईट वाटत नाही अशी माझ्या बघण्यात ही पहिलीच.

करवंदजाळी
जपानी. फेसाठी. मेगुमी हायाशिबारा.

शिळोपा
खऱ्या माणसांची केलेली पण आहे ना एक?

ढगफुटी
आहे, नेटफ्लिक्सने नोव्हेंबर २०२१ मध्ये आणली आणि पुढच्याच महिन्यात पुढचा सीझन नाही म्हणून जाहीर केलं. कान्नोंचंच संगीत होतं. मला त्यात हेच खटकलं की त्यांनी व्हिशस सगळ्या भागांत पसरवला, म्हणजे नेवासेकरांना हवी तशी सलग गोष्ट केली, आणि जेट-फे यांना स्वतःचे दिवस मिळालेच नाहीत. त्याच डिसेंबरच्या सुरुवातीला नोबुमोतोबाई गेल्या. बीबॉपची ढोबळी मिरची आणि बीफ, ज्यात बीफ नसतंच कारण पैसे नाहीत, अशा साध्या प्रसंगांतून माणसं उभी करणाऱ्या बाई त्या. पहिल्याच भागात त्या ताटावरून स्पाइक आणि जेटची कुरबुर होते आणि दोघांचं नातं कळून जातं, तलवारबाजी लागत नाही.

नेवासेकर
ढगफुटी, ती नेटफ्लिक्सवाली मलाही आवडली नव्हती. पण ते सलग गोष्टीमुळे नव्हे, लिखाण कच्चं होतं म्हणून. मूळ संचात व्हिशसला आणखी दोन भाग नोबुमोतोंनीच लिहून दिले असते तर मी आज सगळ्यात मोठा भक्त असतो. बाकी माझी यादी आठांवर आहे आणि बटाटेपोहेंच्या आजीसाठी अठरावा घेतला. नऊ. पुढे नाही.

म्हापशेकर
आठवा राहिला की. ढगफुटींनी सुरुवात तिथूनच केलीये.

नेवासेकर
आठव्याबद्दल रविवारी पुन्हा बघून सांगतो. शब्द नाही देत.

बटाटेपोहे
अपडेट. कोल्हापूरला एक स्टुडिओवाले काका मिळाले, बुरशी साफ करतात. कॅसेट काल देऊन आलो. टेप फाटलेली नाही म्हणाले, वेळ लागेल.

करवंदजाळी
अरे वा!! कळव नक्की.

अर्धाकप
सिनेमा पण आहे ना २००१ चा? तो माझ्या संचात सापडत नाहीये. आणि कधी बघायचा, शेवटी?

जुनापुराणा
मालिकेच्या संचात तो नसतो, वेगळा घ्यावा लागतो. आणि शेवटी नका बघू, त्यातली गोष्ट बाविसाव्या आणि तेविसाव्या भागांच्या मधली आहे. बावीस संपला की तो लावा, मग पुढे चला.